डोसाईलचा अर्थ आणि अर्धे जावळ

शके १९२५, चैत्र वद्य पक्षातील रविवार. मुक्काम कवठे येमाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. या दिवशी सकाळी ज्योतिबांच्या घरापुढील कडुनिंबाखाली त्यांचा नातू चिरंजीव स्वराज याचे जावळ काढण्याचा विधी यथासांग सुरू झाला आणि अर्ध्यावर थांबला. तो वस्तऱ्याच्या दोषाने थांबला नाही, मुलाच्या रडण्यानेही नाही. तो मामाने थांबवला.

जावळाच्या वेळी मूल मामाच्या मांडीवर असावे लागते, आणि हा मान मामाखेरीज दुसऱ्या कुणाचा नाही, हे त्या अंगणात जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. सर्जेरावांना ते सर्वांहून अधिक ठाऊक होते. ते रुपालीचे थोरले भाऊ. दौंड तालुक्यातील खुटबावाहून धाकटा भाऊ बिरदेव याला बरोबर घेऊन जीपने आले होते. बाळंतविडा, नवे अंगडे, चांदीचे वाळे, सारे रीतसर आणले होते. पाटावर बसून त्यांनी भाच्याला मांडीवर घेतले, न्हाव्याने डोक्याची उजवी बाजू गुळगुळीत केली आणि तो डावीकडे वळणार एवढ्यात सर्जेरावांनी आपला रुंद पंजा त्या उरलेल्या केसांवर ठेवला.

"हात थांबवा, शंकरराव. आधी आमचं एक बोलणं व्हायचंय."

"बोलणं मागनं करा की पाव्हणं," शंकरराव न्हावी म्हणाला. "पोराचं डोस्कं बगा कसं दिसतंय. निम्मं वावर नांगरलेलं आन् निम्मं पडीक."

अंगणात हशा पिकला. स्वराजलाही तो विनोद पटला असावा, कारण रडणे सोडून त्याने मामाच्या मिशीला हात घातला. सर्जेराव मात्र हसले नाहीत.

"आबा," ते ज्योतिबांना म्हणाले, "आमची रुपाली तुमच्या मल्हारला दिली, तवाच साटंलोटं ठरलं व्हतं. आमची पोर तुमच्यात, तुमची हर्षदा आमच्या बिरदेवला. खरं का खोटं?"

ज्योतिबांनी फेटा सारखा केला. तरुणपणी मेंढरे घेऊन त्यांनी घोडनदीपासून भीमेपर्यंतची सारी रानं पायाखाली घातली होती, आणि आता चार एकर बागायत करीत असले तरी वादाच्या वेळी त्यांना अजूनही मोकळ्या माळावर उभे असल्यासारखी ऐसपैस जागा लागे.

"निम्मं खरं," ते म्हणाले. "बोलणं निघालं व्हतं. निघणं येगळं आन् ठरणं येगळं. वाघरीचं जाळं रानात लावलं म्हंजी मेंढरं आत आली असं व्हत न्हाई."

"मग कवा यायची आत?"

"पोरीचा पेपर झाल्यावर. पुढल्या रविवारी पुण्यात हाय."

"तिथंच तर घोडं अडलंय!" सर्जेरावांचा आवाज चढला. "पेपर झाला की पास व्हनार. पास झाली की दोन वर्सं पुण्यात. मग नोकरी. मग ती आमच्या खुटबावला उसाच्या बांधावर कशाला येतीय? मला आज शब्द पायजे. आखितीला सुपारी फोडायची आन् पेपरबिपर बंद. व्हय म्हणा, मग दुसरी बाजू हुईल."

घरात उंबऱ्याशी उभ्या असलेल्या हर्षदाने हे सारे ऐकले. शिरूरच्या कॉलेजातून ती विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडली होती आणि व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज तिने घरच्यांच्या संमतीने भरला होता. गणिताची तिला धास्ती नव्हती. आडवा आला तो इंग्रजी शब्दांचा डोंगर. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीपुढे त्या परीक्षेने असे शब्द मांडले होते, की ते कवठ्यात कुणी उच्चारलेही नव्हते. गेला हिवाळाभर हे घर मिळून तो डोंगर चढत होते. आता माथा दिसू लागला असताना, आपल्या भाच्याच्या अर्ध्या डोक्याच्या बदल्यात तिला खाली उतरवण्याचा बेत समोर चालला होता.

चढण्याची ती रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यातूनच उद्भवले. पाठांतर करून करून हर्षदा रडकुंडीला आली, तेव्हा ज्योतिबा म्हणाले होते, "मेंढरू आकड्यानं वळखू येत न्हाई, तोंडानं येतं. तुज्या शब्दास्नी तोंड दे." त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला आणि मागच्या वाड्यातल्या प्रत्येक मेंढराला एकेक शब्द मिळाला. आई गिताबाई काटकसरी, म्हणून 'फ्रुगल'. त्यांनी ते बिरुद मानाने स्वीकारले. रांजणगावच्या कारखान्यात पाळी करणारा भाऊ मल्हार दिवसाला चार वाक्ये बोले, म्हणून तो 'टॅसिटर्न'. हट्टी मेंढा 'ऑब्स्टिनेट', पोत्यासकट पेंड खाणारे कोकरू 'व्होरेशस', आणि हातावर मान टेकून उभी राहणारी पांढरी मेंढी 'डोसाईल'. संध्याकाळी ज्योतिबा "व्होरेशस, हुर्रर्र!" अशी हाळी देत मेंढरे वळवू लागले, तेव्हा गावाने प्रथम काळजी केली आणि नंतर सवय करून घेतली.

"इंग्रजीचं एवढं कौतुक सांगता," सर्जेराव म्हणाले, "तर काय शिकलीय ते कळू द्या की! आमचा बिरदेव कुरकुंभला कंपनीत सायबासंगं इंग्रजीत बोलतो. इचार रं बिरदेव, पाच-सात शब्द. एक जरी चुकला, तरी म्या म्हणतो तसं. एवढ्याशा परीक्षेत जी पडली, ती पुण्याच्या परीक्षेत काय करनार?"

"विचारा," ज्योतिबांच्या आधी हर्षदाच म्हणाली आणि जाडजूड शब्दकोश आणून बिरदेवपुढे ठेवून पायरीवर बसली.

बिरदेव पदविकाधारक, उंच आणि भिडस्त. ज्या मुलीशी आपले लग्न ठरविण्यासाठी आपल्याला आणले आहे, तिचीच तोंडी परीक्षा घ्यावी लागेल अशी त्याला कल्पना नव्हती. त्याने कोश उघडला आणि घसा खाकरला.

"फ्रुगल."

"काटकसरी. आमची आई."

"चहाची पत्ती दोनदा उकळती," मल्हार म्हणाला, आणि आजच्या चारांपैकी एक वाक्य खर्ची पडले.

"ऑब्स्टिनेट."

"हट्टी." हर्षदाने नजर खाली ठेवली होती, पण अंगणातल्या बाकी साऱ्यांनी आपापल्या नजरा सर्जेरावांकडे वळवल्या. सर्जेरावांना अर्थ कळला, रोखही कळला, आणि त्यांनी भाच्याला उगाच थोपटले.

"प्रोक्रॅस्टिनेट."

"आजचं काम उद्यावर टाकणं. आबांचं विहिरीचं काम."

"उन्हाळा सरला की काढतोय," ज्योतिबा गंभीरपणे म्हणाले. बिरदेवला हसू आवरेना. त्याने पान उलटले.

"डोसाईल."

"मारकी," हर्षदा क्षणाचाही विलंब न करता म्हणाली.

बिरदेवने कोशात पाहिले, हर्षदाकडे पाहिले, पुन्हा कोशात पाहिले.

"मारकी?"

"व्हय, मारकी," गिताबाईंनी दुजोरा दिला. "लई मारकी. काल मला पार उकिरड्यापतुर नेली."

"परवा दूधवाल्याची सायकल पाडली," रुपाली म्हणाली.

"आवो, मलाबी धडक दिलीय तिनं," शंकररावानेही वस्तरा उंचावून साक्ष दिली. "डोसाईल मारकीच हाय."

"कोशात..." बिरदेव ओशाळून म्हणाला, "कोशात 'गरीब, सांगेल तसं ऐकणारा' असं दिलंय."

एका शब्दाचा अर्थ घरातल्या सर्वांनी मिळून, एकमताने आणि ठामपणे चुकवावा, असा प्रसंग त्या कोशाच्या वाट्याला पूर्वी आला नसेल. ज्योतिबा उठून उभे राहिले.

"पुस्तक कुणी केलंय?"

"विद्वानांनी, आबा."

"त्येंनी आमची मेंढी बगितली व्हती का?"

"आबा, बसा खाली," हर्षदा हळूच म्हणाली. तिच्या ध्यानात सारे आले होते. पौषात तिने त्या मेंढीला नाव दिले, तेव्हा ती खरोखरच गरीब होती. मग ती व्याली. कोकराच्या मायेने तिला अशी धार चढली, की अंगणातून कुणी गेले तरी ती शिंगे नसलेले डोके खाली घालून धावून येई, आणि "डोसाईल आली, पळा!" ही आरोळी त्या घरात रोजची झाली. कोशातला अर्थ होता तिथेच राहिला. मेंढी बदलली, आणि हर्षदाची जीभ मेंढीच्या मागे गेली. पण तिला धसका बसला तो या एका शब्दाचा नव्हता. तिने मनातल्या मनात सारा वाडा फिरून पाहिला. व्होरेशसने उन्हाळा लागल्यापासून चारा टाकला होता. 'टिमिड' म्हणून बुजरी ठरवलेली तरणी मेंढी आता कळपाच्या पुढे चालत होती. असे आणखी किती शब्द आपापले अर्थ सोडून परागंदा झाले असतील? आणि पेपर आठवड्यावर आला होता.

"झालं!" सर्जेराव म्हणाले. त्यांच्या स्वरात आनंद होता, पण दुष्टावा नव्हता. सोयरीक जुळावी एवढीच त्यांची निकड होती. "पोरीनं जी चूक केली ती आख्ख्या घरानं केली. आता पुण्याचं नाव काढू नका. मावशी, तुमी तरी बोला."

गिताबाई नातवाच्या डोक्याकडे पाहत होत्या. एका बाजूला ऊन चकाकत होते, दुसऱ्या बाजूला काळे कुरळे केस वाऱ्याने हलत होते. लेकीचे शिक्षण त्यांना हवे होते. पण अर्धवट राहिलेले जावळ हे त्यांच्या लेखी दाराशी आलेले संकट होते, आणि संकटापुढे त्या नेहमी जवळचा मार्ग धरीत.

"म्हणा की हो व्हय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोराचं डोस्कं निम्मं ठिवणं चांगलं न्हाई. बिरदेव काय वाईट पोरगा न्हाई. परीक्षा काय, पुढल्या सालीबी असती."

"आई!" हर्षदा म्हणाली.

"मी न्हाई म्हणतो," मल्हार म्हणाला आणि पुन्हा गप्प झाला. त्याचे बोलणे इतके क्वचित असे, की त्याला विरोध करण्याचा सराव घरात कुणालाच नव्हता.

ज्योतिबांनी बायकोकडे पाहिले, मग सर्जेरावांकडे. "कातरणीला बसलेली मेंढी निम्मी कातरून कुणी कळपात सोडतं का? निम्मी सोडली तर उन्हातबी हाल आन् थंडीतबी हाल. धरली ती पुरी कातरायची, मग सोडायची. पोराचं डोस्कं पुरं व्हनार, आन् पोरीची परीक्षाबी पुरी व्हनार. एकापायी दुसरं निम्मं ठिवणं ही आमच्या धंद्याची रीत न्हाई."

"मग म्या उठतो," सर्जेराव म्हणाले. "मामाबिगर करा जावळ."

ही धमकी खरी होती. मामा रुसून उठला, तर कवठे आणि खुटबाव यांच्यामधली वाट कित्येक वर्षे बंद पडली असती. आणि त्या वाटेच्या दोन्ही टोकांना जिचा जीव गुंतला होता, ती रुपाली आतापर्यंत गप्प होती. सासरची बाजू घ्यावी तर भावाचा पाणउतारा, भावाची घ्यावी तर नणंदेचा घात, अशा कात्रीत ती सकाळपासून होती. संध्याकाळी बाळाला पाजताना हर्षदाला शब्द विचारण्याचे काम तिच्याकडे असे. विचारता विचारता ते शब्द तिचेही झाले होते, आणि ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. तिने पदर खोचला आणि भावासमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ, दादा," ती म्हणाली. "उठायचं तर खुशाल ऊठ. बिरदेवबी मामाच हाय."

सर्जेरावांनी मान वर केली. आपल्या हातातल्या मानाला दुसरा वाटेकरी याच अंगणात, आपल्याच जीपमधून येऊन बसला आहे, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

"रुपाली, कुणाकडनं बोलतीस तू?"

"माझ्याकडनं. माझं लगीन झालं तवा बारावीचा निकाल लागायचा व्हता. तू म्हणालास, पास काय आन् नापास काय, सासरी कुणाला दाखवायचाय? निकाल मला हितं, चुलीपुढं कळला. किती मार्क पडलं, म्हायतीय तुला?"

सर्जेरावांनी मांडीवरच्या भाच्याला सावरून धरले.

"बहात्तर टक्के. तुला त्यो आकडा आज कळला, दादा. हर्षदावन्संचं तसं व्हायचं न्हाई. एक शब्द चुकला म्हणून परीक्षा बंद, असं कुठल्या परीक्षेत आसतं? आन् परीक्षा एकट्या पोरीचीच का? वन्सं, आता तुमी बिरदेवला इचारा."

"मला कशाला, ताई?" बिरदेव दचकून म्हणाला.

"सायबासंगं इंग्रजीत बोलतोस न्हवं?"

हर्षदाने डोळे पुसले. कोश बिरदेवच्या मांडीवर होता तो तिने आपल्याकडे ओढला, आणि ओढल्यावर मिटून बाजूला ठेवला. तिला त्याची गरज नव्हती.

"गार्युलस."

बिरदेव विचारात पडला. "माहीत न्हाई."

"बडबड्या. अमिकेबल?"

"ते... ॲम्ब्युलन्ससारखं काही?"

शंकररावाला ठसका लागला. "सलोख्यानं वागणारा," हर्षदा म्हणाली. "रिडंडंट?"

"हे येतं!" बिरदेव पुढे सरकला. "जादाचा, नको असलेला. कंपनीत माणसं कमी करायची असली की नोटीस लावतात, त्यात असतं."

"बरोबर. कॅन्डिड?"

"न्हाई येत."

"मनातलं स्पष्ट बोलणारा."

बिरदेवने भावाकडे पाहिले आणि त्या शब्दाची उदाहरणासह उजळणी केली. "दादा, ह्या लग्नाचं मला कुणी इचारलंच न्हाई. जीपमध्ये बसल्यावर कळलं मला."

"मला तरी कुणी विचारलंय?" हर्षदा म्हणाली.

दोघांनी प्रथमच एकमेकांकडे सरळ पाहिले. त्या पाहण्यात लाजणे मुरडणे काही नव्हते. एकाच खटल्यात न विचारता गोवलेल्या दोघा साक्षीदारांची ती दृष्टिभेट होती.

"टिमिड आणि व्होरेशस पुन्हा बघायला हवेत," हर्षदा म्हणाली. "ती मेंढरंही बदललीत."

बिरदेवने कोश पुन्हा उघडला. "जनावरावर भरवसा न्हाई. वाक्यात बसवून लिहा. मी एकेक शब्द वाचतो, तुम्ही वाक्य करा."

"वाचा."

आणि अंगणात जावळ अडले आहे, भाऊ रुसला आहे, आई देवाचे नाव घेते आहे, याची पर्वा न करता ती दोघे पायरीवर कोश मध्ये ठेवून कामाला लागली. रुपालीही तिथेच टेकली. हर्षदा एखाद्या वाक्यापाशी अडली की तीच ते पुरे करी, आणि बिरदेव आश्चर्याने बहिणीकडे पाही. गिताबाईंनी लेकीचा चेहरा पाहिला. घटकाभरापूर्वी उतरलेला तो चेहरा पुन्हा रंगावर आला होता. "म्या काय व्हय म्हणायला सांगितलं न्हवतं," त्या कुणालाच उद्देशून नसल्यागत म्हणाल्या, "आपलं इचारलं व्हतं."

पाटावर उरले सर्जेराव आणि मांडीवर झोपी गेलेला, अर्ध्या डोक्याचा भाचा. सकाळी निघताना त्यांच्या बाजूने एक भाऊ होता, एक बहीण होती आणि आजवरची रीत होती. आता भाऊ समोरच्या पक्षाला शब्द वाचून दाखवीत होता आणि बहीण त्या शब्दांची वाक्ये करीत होती. बहात्तर टक्के. खुटबावच्या घरात एवढे मार्क दुसऱ्या कुणाला पडले नव्हते, बिरदेवलाही नाहीत. ते गावभर सांगता आले असते, पेढे वाटता आले असते. त्यांनी ते विचारलेच नव्हते. आणि समोर चाललेली परीक्षा ऐकताना, इंग्रजी एक अक्षरही न कळता, त्यांना एक गोष्ट स्वच्छ कळत होती: प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा कोणत्या बाजूने येत होती.

"शंकरराव," ते खालच्या आवाजात म्हणाले, "वस्तरा घ्या. पोरगं झोपलंय तवर उरका."

"बोलणं झालं का पाव्हणं?"

"म्या कुठं बोलतोय? बाकीचीच बोलत्यात."

डावी बाजू उतरली. केस पिठाच्या गोळ्यात घेतले गेले, डोक्यावर हळदीचा हात फिरला, नवे अंगडे चढले, आणि स्वराज जागा होऊन आपल्या थंड डोक्याला आश्चर्याने चाचपू लागला. गिताबाईंनी दृष्ट काढली. मागच्या वाड्यातून सुटून आलेली डोसाईल या धांदलीत अंगणात शिरली आणि शंकररावाची पेटी उलथून गेली. परंतु तिच्या अर्थाविषयी कुणी पुन्हा वाद घातला नाही.

पुरणपोळीची पाने मांडली गेली. सर्जेरावांना मानाच्या पाटावर बसवून ज्योतिबा शेजारी बसले. ते जिंकले होते, पण जिंकलेल्या वादातही प्रतिपक्षाचे शेवटचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय उठू नये, असा त्यांचा परिपाठ होता.

"सर्जेराव," ते म्हणाले, "मामा म्हणून आज मान तुमचा हाय. पोरीचं काय करायचं, ते तुमच्या तोंडनं ऐकू द्या. मनात किंतू ठिवून घास घेऊ नका."

वाढता वाढता रुपालीचा हात तसाच राहिला. हर्षदाने कोशातून मान वर केली. सर्जेरावांनी पोळीवर तूप पसरले, पायरीवर बसलेल्या धाकट्या भावाकडे एकवार पाहिले आणि ते म्हणाले,

"रविवारी पोरीला पेपरला जाऊ द्या. आमचा बिरदेव तिच्या जोगा न्हाई अजून."